पेटीच्या तळाची रद्दी

वेणूताईंना न आवडलेली कथा लेखकाकडे परत जात नसे. ती आंब्याच्या पेटीत तळाला जाई. तिच्यावर पेंढा, पेंढ्यावर फळं, वर खिळे ठोकलेली फळी, आणि ट्रकने थेट मुंबई. पावसला त्यांची कलमांची बाग होती आणि दरवर्षी त्या एक दिवाळी अंक काढीत. दोन्ही कारभार बागेतल्या एकाच पडवीतून चालत.

माझी पहिली कथा अशीच गेली. मी बी.ए. झालो होतो, आमच्या कुळात पहिला. ते मी तेव्हाही ताठ मानेने सांगत असे, आजही सांगतो. कचेरीत नोकरी लागली होती आणि रविवारी मी कथा घेऊन पावसची एस.टी. धरत असे. कथा आयेवर होती. ती चिरेखाणीवर डोक्यावरून चिरे वाहायची, त्यावर मी शिकलो. माझ्या पदवीचा कागद छातीशी धरून आई ढसाढसा रडते, असा शेवट केला होता.

वेणूताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "खरंच रडली?"

"नाही."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, 'आता पगार कदी सुरू होनार?'"

"मग मेल्या, ते का नाही लिहिलंस? चांगली जित्ती बाई होती, तिचं पार नाटक करून ठेवलंस." आणि माझ्यादेखत कागद दुमडून त्यांनी पेटीत सारले.

"ताई, एकच प्रत आहे हो!"

"आठवेल ते पुन्हा लिही. आठवणार नाही ते लिहायचं नव्हतंच."

मी पुन्हा लिहिली. तीही मुंबईला गेली. पुढच्या खेपेला शहाणपणा करून कार्बन लावला आणि प्रत घरी ठेवली. तीही पेटीत गेली, तेव्हा घरची प्रत समोर ठेवून पुन्हा लिहिली. तिचं पहिलं पान वाचतानाच त्या म्हणाल्या, "ही आठवून नाही लिहिलीस, बघून लिहिलीस. शिळ्या भाताला फोडणी दिलीस." पेटी त्यांनी पायाने जवळ ओढली.

आयेला वाचता येत नव्हतं, पण माझं नाव कसं दिसतं ते तिला ठाऊक होतं. भिंतीवर काचेत लावलेल्या पदवीवर तिने ते बघून ठेवलं होतं. दुकानातून पुडीचा कागद आला की ती तो सरळ करून त्यात माझं नाव शोधायची. दुसरा हंगाम निम्मा सरला तेव्हा ती माझ्याबरोबर पावसला आलीच. पडवीच्या पायरीखाली उभी राहून म्हणाली, "बाय, ह्याचा नाव कदी छापनार?"

वेणूताईंनी हातातला आंबा फिरवून बघितला. "अगो, तुझ्या पोराला अजून लिहिता कुठे येतं?"

आये बावचळली. "पन बाय, तो बी.ए. हाय!"

पेट्या भरणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वेणूताईही हसल्या. सगळ्या हसतात म्हणून आयेही हसली. तिचं ते हसू मी वेणूताईंना कधीच माफ केलं नाही. परतीच्या एस.टी.त तिने विचारलं, "एवडी वर्सा शाळेत काय केलास रे?"

त्याच पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, तिला ताप चढला आणि ती गेली.

तेरावं उरकून मी पावसला गेलो. कथा द्यायला नाही, भांडायला.

"कथा आणलीस?" वेणूताईंनी विचारलं.

"आये गेली."

"तुझं भादरलेलं डोकं दिसतंय मला. कथा आणलीस?"

मी रिकामे हात दाखवले. त्यांनी कोरे कागद माझ्यापुढे टाकले. "मग बस इथे."

रिकाम्या पेट्यांच्या थप्पीला टेकून मी लिहिलं. रागाने लिहिलं. त्यात रडणं नव्हतं. डोक्यावरची चुंबळ होती, भांगात बसलेली चिऱ्याची लाल भुकटी होती आणि पगाराची चौकशी होती. त्यांनी दोनदा वाचलं आणि कागद न दुमडता त्यावर दगड ठेवला. पावसाळ्यात पेट्यांत भरायला आंबेच नव्हते, म्हणूनही ते कागद बचावले असतील.

दिवाळीला अंक आला. माझं नाव ठळक छापलं होतं. घरी अंक दाखवावा असं कोणी नव्हतं, भिंतीवरची पदवी तेवढी होती. अंक घेऊन मी पुन्हा पडवीत गेलो.

"आधीच्यातली एक छापली असती तर आये बघून गेली असती."

"गेली असती," त्या म्हणाल्या. "वाईट कथेवर तुझं नाव बघून गेली असती. तिला कळलं नसतं. मला कळलं असतं."

एवढंच. पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी पुढे लिहीत राहिलो, आणि त्यांच्याच रीतीने. पहिला खर्डा बंबात घालायचा आणि उरेल ते आठवून लिहायचं. परवा वेणूताई गेल्या. त्यांच्यावर लिहायला मला सांगितलं, तेव्हा हा लेखही तसाच लिहिला. पहिल्या खर्ड्याच्या शेवटी मी त्यांच्या चितेपाशी ढसाढसा रडलो होतो.

रडलो नव्हतो. ते काढून टाकलं.