सैल पिळाची नळी

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात केदार देवस्थळेला सगळे ‘शिकारी’ म्हणत, आणि वरवर हसण्यावारी नेत असला तरी मनातून तो खूश होई. खरं तर त्याच्यात शिकारी कमी आणि इंजिनिअर जास्त. नागपूरहून आलेला, तेलाच्या पाइपलाइनींवरचे ताण मोजण्यात उमेदीची वर्षं घालवलेला हा माणूस जे हातात घेई ते मोजून घेई. त्याच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नव्हती. गाडी बाहेर उन्हात तापायची आणि आत टेबलावर काडतुसं भरायचं यंत्र ऐटीत बसलेलं असायचं. “लोकांच्या गॅरेजमध्ये कार असते, आमच्याकडे दारूगोळा आहे,” असं रुपाली, त्याची बायको, पाहुण्यांना सांगे.

या नादाला त्याला लावलं डॉक्टर मनोहर घाटग्यांनी. डॉक्टर मूळचे कागलचे, हाडांचे सर्जन, आता सत्तरी ओलांडून निवृत्त. केदार त्यांना काका म्हणायचा. अमेरिकेत आल्यावर एका रँचवाल्या पेशंटने त्यांना शिकारीला नेलं होतं, पुढे त्याचीच जुनी रायफल त्यांनी विकत घेतली, आणि तेव्हापासून दर नोव्हेंबरात ते वर टेकड्यांच्या मुलखात, मोसमापुरत्या भाड्याने घेतलेल्या रानात जाऊन एक हरीण आणत. एकच हरीण आणि एकच गोळी. “दुसरी गोळी लागली तर ऑपरेशन बिघडलं समजायचं,” असं ते म्हणत. घरी आल्यावर मांस स्वतः कापत. पातळ सुरीने, सांध्यासांध्यातून, हाडाला न दुखावता. रत्नाकाकू त्याचा तांबडा रस्सा करायच्या, आणि मंडळातले निम्मे शाकाहारी त्या दिवशी ‘यात काय आहे’ असं विचारायचं विसरून जायचे.

डॉक्टरांच्या त्या रायफलीची एक खोड होती. बंदुकीच्या नळीत आतून मळसूत्रासारखे आटे असतात. ते गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती भोवऱ्यासारखी तोल सांभाळून नाकासमोर जाते. या नळीचा पीळ सैल होता, म्हणजे गोळीला फिरकी बेताचीच मिळायची. हलक्या, बुटक्या गोळीला तेवढी पुरते. गोळी लांब झाली की तिला जास्त फिरकी लागते. डॉक्टर दुकानातली हलकी गोळी आणत, जवळून नेमकी मारत, आणि त्यांचं बरं चाललं होतं.

केदारला मात्र ते बघवत नव्हतं.

“काका, ही गोळी सशाला ठीक आहे. हरणाला जरा दमदार नको का?”

“अरे, इतकी वर्षं एकाही हरणाने कम्प्लेंट केली नाही,” डॉक्टर म्हणाले.

पण नळीचा पीळ सैल असला तरी केदारचा नव्हता. त्याने स्वतः काडतुसं भरून द्यायचं ठरवलं. वजनदार गोळी निवडली ती लांबसडक, टोकदार, बघताच आवडावी अशी. त्याच वजनाची गोल नाकाची गोळीही मिळत होती. ती लांबीला कमी, त्या नळीने ती सहज पेलली असती. पण ती केदारला गावंढळ वाटली. त्याने कॉम्प्युटरवर गणित मांडलं. तापमान विचारणारी एक चौकट आली, तिथे त्याने बाहेर उन्हातल्या मोटारीने दाखवलेला आकडा भरला. जुलै महिना होता. उत्तर काठावर आलं, पण पास झालं.

मग भर उन्हात दोघे नेमबाजीच्या रेंजवर गेले. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम टिपकत होता, तरी त्यांनी मारलेल्या गोळ्यांची भोकं कागदावर एकाला एक लागून पडली, स्वच्छ आणि गोल.

“मानलं बुवा तुला,” डॉक्टर म्हणाले. केदारला त्या दिवशी स्वर्ग दोन बोटं उरला होता.

नोव्हेंबरात ते त्या भाड्याच्या रानात गेले तेव्हा उत्तरेकडून थंडीची लाट आली होती. बादलीतलं पाणी गोठलं होतं. खांबांवरच्या पत्र्याच्या खोपटीत दोघे गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. उजाडलं आणि झुडपांतून एक नर बाहेर आला, आडवा उभा राहिला, मान खाली घालून गवत हुंगू लागला. डॉक्टरांनी सावकाश श्वास सोडला आणि बार काढला.

हरीण पडलं नाही. त्याची मागची बाजू खचली, आणि तसंच लंगडत ते झुडपांत शिरलं.

दुपारपर्यंत दोघांनी रक्ताच्या खुणा शोधल्या. दगडावर एक थेंब, गवताच्या पात्यावर एक. शेवटी शेजारच्या रानाच्या कुंपणाशी खुणा संपल्या. शेजाऱ्याला फोन करून, परवानगी घेऊन पलीकडेही बघितलं. काही सापडलं नाही. डॉक्टर बराच वेळ कुंपणाच्या तारेला धरून उभे होते. मग त्यांनी हातमोजा काढला, उजवा पंजा डोळ्यांसमोर धरला आणि परक्याच्या हाताकडे बघावं तसं त्याकडे बघितलं. इतक्या थंडीत कुणाचाही हात थरथरेल, तसा तो थोडा थरथरत होता.

“हात गेला रे, केदार,” ते म्हणाले.

“छे हो काका! वारा होता.”

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. पण समोरचा माणूस खचलेला दिसला की आपल्या तोंडून असं काहीतरी निघतंच. मन राखणं म्हणतात त्याला. त्यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. पुढच्या आठवड्यात भेट झाली तेव्हा केदार म्हणाला, “काका, वाटेत धक्का बसून रायफलीवरची दुर्बीण हलली असणार.” डॉक्टर नुसते हसले. त्यांनी दुर्बीण आधीच तपासली होती.

त्या वर्षी रस्सा झाला नाही. थँक्सगिव्हिंगला मुलीच्या घरी टर्की कापायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी सुरी निमूटपणे जावयाच्या हातात दिली. हळूहळू गाडी चालवायला रत्नाकाकू बसू लागल्या. चहाचा कप भरलेला असला की डॉक्टर तो उचलत नसत, टेबलावरच वाकून पहिले दोन घोट घेत. कुणाशी बोलताना हात खिशात ठेवत. ज्या हातांनी शेकडो माणसांना चालतं केलं त्या हातांचा त्यांना भरवसा राहिला नाही. संक्रांतीला केदार तिळगूळ घेऊन गेला तेव्हा त्यांनी रायफल त्याच्या स्वाधीन केली. “तुझ्याकडे राहू दे. मला आता नको,” एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीत ह्यूस्टनला क्वचित पडते तशी कडक थंडी पडली. रेंजवर कुणी नसेल म्हणून केदार एका सकाळी ती रायफल घेऊन गेला. उरलेली काडतुसं तीच होती, त्याने भरलेली. चार बार काढून तो कागद आणायला गेला, आणि कागदासमोर उभा राहिला तो हललाच नाही.

भोकं गोल नव्हती. एक होतं लांबट, किल्लीच्या भोकासारखं. दुसऱ्यात तर आख्ख्या गोळीचा आडवा छाप उमटला होता. गोळी नाकासमोर न जाता लडखडत, आडवी होऊन कागदावर आदळली होती, आणि कुठलीच भोकं एकमेकांजवळ नव्हती. थंड हवा दाट असते. जुलैच्या पातळ हवेत जी गोळी कशीबशी तोल धरून होती, ती थंडीत कोलमडत होती. गणितात त्याने फक्त जुलै भरला होता. नोव्हेंबरात हात डॉक्टरांचा चुकला नव्हता. चुकली होती केदारची देखणी गोळी.

“आत्ताच्या आत्ता जाऊन सांग त्यांना,” घरी त्याने दाखवलेला कागद बघून रुपाली म्हणाली.

“सांगतो ना. आधी नीट कन्फर्म करतो.”

कन्फर्म करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण मंडळात ज्याने अचूकतेवर स्लाइड्ससकट व्याख्यान झोडलं होतं, त्याला ‘मी चुकलो’ हे दोन शब्द जिभेवर येईनात. एका रविवारी पाहुणे आले, एका रविवारी डॉक्टर बाहेर होते, एका रविवारी केदारलाच डोकं दुखल्यासारखं वाटलं. तेवढ्यात थंडी सरली. टेक्सासची थंडी कुणासाठी थांबत नाही.

मार्चअखेरीस तो गेला. कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. पीळ, लांबी, थंड हवा, आपली चूक. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. कागदावरच्या आडव्या भोकावरून बोट फिरवलं.

“असं भोक पाडायला काय लागतं रे? एक स्क्रूड्रायव्हर.”

“काका, शपथ घेऊन सांगतो!”

“केदार, आधी तू मला वारा सांगितलास. मग दुर्बीण सांगितलीस. आता थंडी सांगतोयस.” डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. “मला कळतं रे. पण मी आयुष्यभर पेशंटना खरं सांगितलंय. मलाही झेपेल.”

केदारने हट्टाने त्यांना रेंजवर नेलं. पहाटेची हवा जरा गार असेल या आशेवर होता, पण ती दमट आणि उबदार निघाली. डॉक्टरांनी रायफलीला हात लावायला नकार दिला, म्हणून त्यानेच बार काढले. भोकं पडली ती स्वच्छ, गोल, एकाला एक लागून.

“बघ, बंदूक झकास आहे,” डॉक्टर म्हणाले. “गोळीही झकास आहे.” मग आपल्या हातांकडे एकवार बघून त्यांनी ते खिशात घातले. त्यांच्या मनात जो काही संशय उरला होता तोही त्या सकाळी फिटला, आणि तो केदारने स्वतःच्या हातांनी फेडला.

“काका, डिसेंबरमध्ये परत येऊ. थंडीत दाखवतो,” परतताना तो म्हणाला.

“येऊ की,” डॉक्टर म्हणाले.

ऑगस्टमध्ये ते गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. केदार भेटायला गेला तेव्हा बाहेर रस्त्यावरचं डांबर तापून मऊ झालं होतं. रत्नाकाकूंनी त्याला जवळ बसवलं.

“शेवटच्या दिवसांत तुझंच नाव काढायचे,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, मुलगा फार मोठ्या मनाचा. माझा हात गेला, तर मला वाईट वाटू नये म्हणून बिचाऱ्याने सगळं स्वतःवर घेतलं. कागदसुद्धा बनवून आणला.”

केदारच्या डोळ्यांत पाणी आलं. “काकू, ते खरं होतं. त्यांचा हात शेवटपर्यंत चांगला होता. चूक माझीच होती.”

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

“पुरे रे आता,” त्या म्हणाल्या. “ते गेले. आता कुणाचं मन राखायचंय तुला?”