फॉब म्हणजे दोस्त

बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आले, तेव्हा माझी मुलगी सातवीत होती. एका दुपारी ते तिला आणायला स्कूलबसच्या थांब्यावर गेले. डोक्याला कानटोपी, स्वेटरवर माझं जुनं जॅकेट, पायात मोजे आणि वर सँडल. मैत्रिणींसमोर ती म्हणाली, "आजोबा, यू आर सच अ फॉब."

संध्याकाळी त्यांनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. फॉब म्हणजे 'फ्रेश ऑफ द बोट', नुकताच बोटीतून उतरलेला. पूर्वी लोक जहाजानं या देशात यायचे, त्यावरून आलेला शब्द. आता इथे जन्मलेली आपलीच मुलं आपल्याच माणसांना त्यावरून हिणवतात. हे सगळं मला ठाऊक होतं. मी म्हणालो, दोस्ताला इथे फॉब म्हणतात.

बाबा खूश झाले. मुलीला मी नंतर रागावलो, पण त्यांना खरं सांगायचं आज-उद्या करत राहूनच गेलं. तिच्या वाढदिवसाला आलेल्या मुलींना त्यांनी स्वतःची ओळख करून दिली, "आय ॲम हर फॉब." मुली हसल्या. माझी मुलगी बाथरूममध्ये जाऊन बसली ती केक कापायलाच बाहेर आली.

मग एकाएकी बाबांनी थांब्यावर जाणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाले. आठवड्याभरात म्हणाले, माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून दे.

एअरपोर्टला जाताना गाडीत त्यांनी सांगितलं, की त्यांच्यासोबत फिरायला येणाऱ्या रिटायर्ड डॉक्टरकाकांकडून त्यांना खरा अर्थ कळला होता.

"तू इथे आलास तेव्हा तुलाही म्हणायचे का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

तेही खोटंच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. माझं व्हिसाचं काम अडकलेलं होतं. भारतात गेलो आणि परत येता आलं नाही तर, या भीतीनं मी गेलो नाही. त्यांचं शेवटचं सगळं फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. मुलगी शेजारी बसली होती. आजोबांना त्या शब्दाचा अर्थ कळला होता का, असं तिनं हळूच विचारलं. मी हो म्हणालो.

ती उठून आपल्या खोलीत गेली. तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. मी दाराशी बराच वेळ उभा होतो, पण दार वाजवायचा धीर झाला नाही.