नाइट शिफ्टची कडी

हे लिहायचं मी फार दिवस टाळलं. कधी डोळ्यांचं निमित्त केलं, कधी म्हणालो, आता कुणाला काय त्याचं. खरं कारण भीती. तेव्हाही मी घाबरलेलोच होतो, आणि त्या घाबरण्यातूनच सगळं झालं.

काळेवाडीत आमच्या दोन खोल्या आहेत, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. पिंपरीतल्या एका कंपनीतून मी निवृत्त झालो. बायको त्याआधीच गेली. घरात मी, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. मुलगा चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होता. ते कंत्राट संपलं आणि त्याच सुमारास सुनेला वाकडला चांगली नोकरी लागली. दोघांनी बसून ठरवलं की तिने नोकरी करायची आणि पोरगी शाळेत जायला लागेपर्यंत त्याने घर बघायचं. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

तो घर मन लावून बघायचा, हे आज लिहायला हवं. त्याची भाकरी वाकडी व्हायची, पण फुगायची. नातीच्या वेण्या घालताना दातांत रिबन धरून बसायचा. सून संध्याकाळी कॅबमधून उतरली की तिच्या हातात चहा द्यायचा. मी हे बघायचो आणि गॅलरीतून कुणाला दिसलं तर नाही ना, हे तपासायचो.

लातूरकडे आमचं एकत्र कुटुंब होतं. चुलते, चुलत्या, सगळ्यांची एक चूल, आणि पुरुष चुलीकडे फक्त जेवायला जायचे. मी पिंपरीत येऊन वेगळं बिऱ्हाड केलं. कुटुंब लहान झालं, पण कामाची वाटणी गावातलीच राहिली. पगार मी आणायचा, बाकी सगळं बायकोने. ‘कर्ता पुरुष’ हा शब्द मी जन्मभर ऐकला. करतो तो कर्ता, मग भाकरी करणारा कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

शिवाय लोक काय करतात हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ते मी स्वतः केलं होतं. कंपनीत आमच्या शॉपमध्ये एक जण होता. बायको आजारी, म्हणून तो पहाटे उठून स्वयंपाक करायचा आणि स्वतःच्या हातचा डबा आणायचा. त्याला आम्ही ‘वहिनी’ म्हणायचो. “काय वहिनी, आज कसली भाजी?” सगळी लाइन हसायची. ते नाव मीच ठेवलं होतं.

म्हणून शेजारच्या ताईंनी जेव्हा सहज विचारलं, “भाऊ, पोरगा दिवसा घरीच दिसतोय. कामाला जात न्हाई व्हय?” तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, “नाइटला आहे. कायमची नाइट.”

“आगं बाई! मग झोपत आसंल बिचारा. आमी आवाज करणार न्हाई.”

आमच्याकडे नाइट करून आलेल्या माणसाच्या झोपेला फार मान आहे. त्याच्या दाराशी पोरं खेळत नाहीत, भाजीवाला ओरडत नाही. घरातलं माणूस बाहेर पडताना बाहेरून कडी लावून जातं, म्हणजे कुणी दार वाजवायला नको. एकदा नाइट सांगितल्यावर मीही कडी लावायला लागलो. कुकरची शिट्टी झाली की गॅलरीत येऊन सांगायचो, भात मी टाकलाय. म्हाताऱ्याने भात टाकला तर कुणाला काही वाटत नाही.

मुलगा म्हणाला, “बाबा, कडी नका लावू. पोरगी आत असते. आणि खरं सांगून टाका ना, त्यात काय एवढं?”

“कोपऱ्यापर्यंत तर जातो. हा आलोच,” मी म्हणालो.

त्या दिवशीही हेच म्हणालो. कोपऱ्यावरच्या बाकावर आम्ही निवृत्त मंडळी बसायचो. त्यातला एक जण म्हणाला, “मुलगा तुमचा भारी आहे राव, सारखी नाइट करतो. कुठल्या प्लांटला आहे? माझा भाचा चाकणलाच आहे, भेटायला सांगतो.” मी एका प्लांटचं नाव ठोकून दिलं. मग लाइन कुठली, सुपरवायझर कोण, एकेक विचारणं सुरू झालं आणि मी एकेक रचत गेलो. उठलो असतो तर संशय आला असता, म्हणून उठलो नाही. विषय दुसरीकडे वळेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

परत आलो तर ताई दारात लसूण सोलत होत्या. हसून म्हणाल्या, “भाऊ, नात लई वांड हाय तुमची. कवापासून आतनं दार बडवत व्हती. पप्पा उठंना म्हनं. म्या दटावली, उठंल कसा, रातभर राबून आलाय, गप बस. तवा गप झाली.”

माझ्या हाताला कडी सापडेना. समोर दिसत होती आणि सापडत नव्हती.

आत मोरीचा नळ चालू होता आणि पाणी खोलीभर पसरलं होतं. मुलगा पाय घसरून मोरीच्या कट्ट्याशी आडवा पडला होता, डोक्याखालचं पाणी लाल. नात त्याच्या पायाशी ओल्या फ्रॉकमध्ये बसली होती. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, “आबा, पप्पा झोपलेत. मी आवाज नाही केला.”

पुढचं मला तुटक आठवतं. मी ओरडलो. ताई धावत आल्या, त्यांनीच आपला पदर फाडून त्याच्या डोक्याला बांधला, खालून रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल असं वाटतं, पण याला आणायला उशीर झाला.

सून ऑफिसमधून थेट तिथे आली. सगळं ऐकल्यावर ताईंकडे वळली. “काकू, पोर दार वाजवत होती ना? तुम्हाला कडी काढता आली नाही?”

“आगं, नाइट करून झोपलाय म्हणून...”

“कसली नाइट? ते तर घरीच असतात!”

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. “भाऊ, तुमीच म्हणला व्हता ना?”

खरं सांगायची वेळ ती होती. पण मला सुनेची भीती वाटली, आणि कोपऱ्यावरच्या बाकाची वाटली. मुलगा आत बेशुद्ध होता आणि मला बाकाची भीती वाटली.

“मी असं कशाला म्हणेन?” मी म्हणालो. “तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, ताई.”

“आणि कडी?” सुनेने विचारलं.

“लावली असेल कुणा पोरांनी, येता-जाता.”

ताईंनी आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मुलगा वाचला. डोक्याच्या त्या माराने उजव्या हाताची पकड मात्र गेली; भाकरी थापता येत नाही. तो शुद्धीवर आल्यापासून मी त्याच्या ओठांकडे बघत बसायचो, आता बोलेल, आता बोलेल. त्याला सगळं ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, “बाबा, काकूंना सांगा.”

मी सांगितलं नाही. गॅलरीत बोललं जायला लागलं की या बाईने रडणारं लेकरू कोंडलेलं ठेवलं. बायका आपली पोरं त्यांच्याकडे सोडेनाशा झाल्या. शेवटी त्या कुरुळीला लेकाकडे राहायला गेल्या.

एकदा मी धीर करून तिथे गेलो. त्यांनी चहा केला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “पोराचा हात कसा हाय? माझंच चुकलं, भाऊ. तुमी तसं म्हणलाच नसाल. म्याच काईतरी उलटं ऐकलं.” त्यांनी ते स्वतःला पटवून टाकलं होतं. माझ्या खोट्यावर त्यांचा विश्वास बसला होता, स्वतःच्या कानांवर उरला नव्हता. मी घाबरून चहा संपवला आणि निघालो. पुन्हा जाईन म्हणत राहिलो, आणि मग त्यांच्या लेकाचा फोन आला, आई गेली म्हणून.

कुरुळीच्या त्या खोलीत मला एवढंच म्हणायचं होतं. ताई, तुम्ही बरोबर ऐकलं होतं. मुलगा नाइटला नव्हता, घरात स्वयंपाक करत होता, आणि मला त्याची लाज वाटत होती. कडी मीच लावली होती. मला माफ करा.