कढईपाशी बोलायचं नाही

मसाला भाजण्याच्या कामी माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस डिचोलीतच काय, अख्ख्या गोव्यात सापडायचा नाही. सापडलाच तर दोघांना एका घरात ठेवू नये, कढईवरून मारामारी होईल. काकांनी जन्मभर खाणीवर ट्रक चालवला आणि तो सुटल्यावर घरच्या गॅसचा ताबा घेतला. तो असा, की बहिणीच्या सासूबाईंना चहा टाकायलाही परवानगी लागू लागली. शागुतीचा, म्हणजे कोंबडी-मटणाच्या रश्श्याचा, मसाला भाजायला घेतला की कारापूरच्या त्या घरात पंखा बंद, टीव्ही बंद, माणसंही बंद. धणे वेगळे भाजायचे, बडीशेप वेगळी, खसखस तर सगळ्यांत शेवटी. सगळं एकदम कढईत टाकणारा माणूस त्यांच्या लेखी चौथ्या गिअरमध्ये गाडी सुरू करणारा ड्रायव्हर. मी एकदा मध्येच पाणी मागितलं, तर हातातली कुलेर, म्हणजे तो मोठा चमचा, उगारून म्हणाले, "वगी राव मरे! धणे उलयतात." धण्यांचं बोलणं संपेपर्यंत मी तहानलेला राहिलो.

धाकट्या मुलाला बघायला पेडण्याहून मुलीकडची मंडळी आली, तेव्हा कढईत खोबरं होतं. काकांनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं, "मात्शें थांबात! सोयरीक फाल्यां जुळत, खोबरें आतां जळटलें!" मंडळी अंगणात उन्हात उभी राहिली. तरी लग्न जमलं. खोबऱ्याला इतकं जपणाऱ्या घरात आपली मुलगी उपाशी राहणार नाही, असं मुलीच्या वडिलांना वाटलं म्हणे.

गेल्या वर्षी काका तापाने आडवे झाले आणि उठले ते वासच गमावून. कुणाला बोलले नाहीत. नेहमीच्या थाटात पंखा बंद करून मसाला भाजला आणि जेवताना, आयुष्यात पहिल्यांदाच, विचारलं, "कसें जालां?" शागुती कडू झाली होती. सगळे एका सुरात "बरें जालां" म्हणाले आणि तिथेच फसले, कारण त्यांच्या मसाल्याला नुसतं 'बरं' त्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलेर माझ्या बहिणीच्या हातात दिली. "बाय, आतां तूं भाज. म्हाका वास येना."

डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, रोज हुंगत राहा. तेव्हापासून काका सकाळी मसाल्याचे डबे पुढ्यात घेऊन, डोळे मिटून बसत. मग एकेक झाकण परत लावत. मला ते बघवत नसे.

परवाच्या रविवारी मी तिथेच होतो. बहीण धणे भाजत होती. तेवढ्यात आईचा फोन आला आणि मायलेकींच्या गप्पा रंगल्या. काका अंगणात माडाला पाणी घालत होते. अचानक तिथून आरोळी आली, "बाय! धणे जळ्ळे गो!"

बहिणीने धावत जाऊन गॅस बंद केला. धणे कोळसा झाले होते. ती कढईपाशी उभी राहून रडायलाच लागली आणि सासूबाईंनी देवापुढे गूळ ठेवला. धणे जळल्याचा एवढा आनंद मी कुठल्याही घरात पाहिला नाही.

करपलेलं तेवढं कळतं, बाकी अजून काही नाही. बहिणीने दुसरे धणे मंद आचेवर टाकले. काका तिच्याशेजारी येऊन कढईवर वाकले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही सगळे गप्प होतो.

"वास आयलो, बाबा?" तिने हळूच विचारलं.

"ना," काका म्हणाले. "पूण येतलो. तूं भाजीत राव."