नेम नसलेले आवाज

कल्पना करा, तुमच्यासमोर एक म्हातारा संगणक आहे. त्याला इंटरनेट नाही, त्याचा पंखा धाप लागल्यासारखा घुरघुरतो, आणि तुमच्या हातातल्या पेनड्राइव्हमध्ये प्रोग्रॅमच्या पाच छोट्या फायली आहेत. या फायलींतून तुम्हाला आकडे काढायचे आहेत, आणि ते असे की पुढचा कोणता येईल हे कुणालाच सांगता येऊ नये. तुम्ही एक आज्ञा देता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वर सरकू लागतात, संथपणे, कुठे थांबायचं ते ठाऊक नसल्यासारख्या. मग दुसरी आज्ञा, चाचणीची. मग तिसरी, या फायलींतून बनलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडता येणारा तुकडा, जागेवर बसवायची. झालं. आता या संगणकाला लहरीपणा आला.

माझ्या ताईने हे केलं तेव्हा तिला शिकवायला कुणी नव्हतं. ती इस्पितळात लोकांचे कान तपासते. तिची खोली म्हणजे खोलीतली खोली. भिंतींना जाड फोम, दाराला रबराची कड. दार लावलं की बाहेरचं जग दूर कुठेतरी राहतं आणि आपल्याच गिळण्याचा आवाज ऐकू येतो. आत बसलेल्याच्या कानांवर हेडफोन, हातात एक बटण. बारीक ‘टुं’ ऐकू आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे ताईच्या पडद्यावर टिक उमटते.

अडचण अशी की जुना प्रोग्रॅम बरोबर तीन-तीन सेकंदांनी वाजायचा. चौथ्या आवाजापर्यंत माणसाला ठेका सापडायचा आणि पुढे कान सोडून नुसता अंगठाच काम करायचा. ताईने डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “चालतंय ना? मग हात लावू नका.” ताईने अर्थातच हात लावला. प्रोग्रॅम तिच्या आधीच्या तंत्रज्ञाने लिहिलेला होता, तो उघडता येत होता. त्याला ती छोटी लायब्ररी जोडायची, म्हणजे दोन आवाजांमधलं अंतर कधी दोन सेकंद, कधी सात, कधी चार. नेम नाही.

पहिल्यांदा लायब्ररी तयारच होईना. संगणकावरचं कंपाइल करायचं, म्हणजे फायलींतून चालता प्रोग्रॅम बनवायचं, साधन इतकं जुनं, की त्याला फायलींतल्या निम्म्या ओळी कळत नव्हत्या. ताईने त्या एकेक करून त्याला समजतील अशा लिहिल्या. “आजोबांना फोनवर पत्ता सांगावा तसं,” ती मला म्हणाली. ज्या दुपारी चाचणीचे दहाच्या दहा आकडे फायलीत दिलेल्या आकड्यांशी जुळले, त्या दुपारी ती त्या फोमच्या खोलीत एकटीच ओरडली. बाहेर ओळीत बसलेल्यांना पत्ताही लागला नाही.

प्रयोगाला माणूस लागतं. ते माणूस म्हणजे आमची आई. आईने तीस वर्षं मोजे विणायच्या कारखान्यात काढली. चाळीस यंत्रांच्या खडखडाटात कुठली सुई अडकणार, हे तिला दोन ठोके आधी कळायचं. आता ती एका पाळणाघरात मुलं सांभाळायला जायला लागली होती, आणि तिथे तिचा जीव रमला होता. पण पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या, “ऐकू नीट येतं असा कागद आणा, तरच ठेवते.” त्यामुळे खरी तपासणी व्हायचीच होती. त्याआधी तीन आठवडे ताईने तिला रोज दुपारी प्रयोगाला बसवलं, कान नाही, नुसता प्रोग्रॅम तपासायला.

“तुमच्या इस्पितळाला उंदीर मिळाले नाहीत वाटतं,” आई म्हणायची.

“उंदीर एवढं बोलत नाहीत गं. बस.”

खऱ्या तपासणीच्या दिवशी मीच आईला घेऊन गेले. मी काचेपलीकडे ताईशेजारी उभी होते. टिक, टिक, टिक. एकही चुकत नव्हती. ताईचा चेहरा फुलला होता. मग तिने वही घ्यायला हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. हेडफोनच्या वायरीचं टोक टेबलावर लोळत होतं. यंत्रातून सुटलेलं होतं.

आत पूर्ण शांतता होती. आईचे डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, आणि अंगठा नेमक्या वेळी खाली जात होता. पडद्यावर टिक उमटत होत्या.

ताईला दोन मिनिटांत सगळं उमगलं. असे आकडे कुठल्यातरी पहिल्या आकड्यापासून सुरू करावे लागतात. तो पहिला आकडा तोच दिला, तर मागून तीच रांग येते. चाचणीसाठी ते बरंच असतं, कारण काय यायला हवं ते आधीच माहीत असतं. चाचणीत तो आकडा सात होता. ताईने ती सातची ओळ उचलून प्रोग्रॅममध्ये ठेवली होती, नंतर बदलू म्हणून. ती राहूनच गेली. एकदाच येणाऱ्या माणसाला त्याने काही फरक पडत नव्हता. रोज येणारं माणूस एकच होतं, आणि त्याने चाळीस यंत्रं अंगात मुरवलेली होती.

ताईने दार उघडलं. “आई, तुला ऐकू येत होतं?”

“म्हणजे काय! त्याशिवाय का दाबलं? शेवटचे दोन जरा लांबून आले.”

“वायर सुटलीय, आई.”

“मग जोड की. मला काय सांगतेस?”

ताईने ओळ बदलली. आता पहिला आकडा घड्याळातून येणार, दर वेळी वेगळा. वायर जोडून तिने पुन्हा तपासणी सुरू केली. डावा कान ठीक निघाला. उजव्याला उंच, बारीक आवाज येतच नव्हते. टिकांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी.

“आता तुझं यंत्र बिघडलं,” आई म्हणाली. मग हळू आवाजात, “माझं काम जाणार का गं?”

ताईने खरा कागद दिला. एक आकडाही वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी पाळणाघरवाल्या बाईंनी कागद दोनदा वाचला.

“उजव्या कानाला यंत्र लावाल?”

“लावीन. पण बाळ रडायच्या आधी छाती भरून श्वास घेतं, तो मला दिसतो.”

बाई हसल्या. “तरी यंत्र लावाच. आणि ते येईपर्यंत डावा कान पाळण्यांकडे करून बसा.”

आई आता रोज जाते. ताईच्या खोलीत आवाज खरोखर नेम सोडून येतात, आणि ती त्या पडद्याकडे पाहत बसते. आई खोटं बोलत नव्हती याची तिला खात्री आहे. मग वायर सुटलेली असताना, त्या फोमच्या शांततेत, आईला लांबून आले ते शेवटचे दोन आवाज कुठून आले?