विनोदिनीबाईंनी सुनेला प्रार्थना शिकवली

संध्याकाळचे सात वाजले की रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद व्हायचा. विनोदिनीबाई साळवे डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटायच्या. मुलगा निरंजनही मिटायचा, पण त्याचा अंगठा मोबाइलवर फिरतच राहायचा. सून अनुश्री हात जोडून बसायची. तोंडातून मात्र अक्षर नाही.

बाईंना हेच खुपायचं. त्या अचलपूरच्या. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, नवरा रेल्वेत. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाली त्या साली बदलीवर इथं आल्या, आणि पाच वर्षांत नवरा इथल्याच मातीत ठेवला. निरंजन देवाच्या कामाचा नाही हे त्यांना केव्हाच कळलं होतं. आपल्यामागं या घरात तोंड उघडून देवाचं नाव घेणारं कोण, याची त्यांना धास्ती होती. आशा होती ती सुनेची. शहरातल्याच पुरानी बस्तीतल्या हिंदू मराठी घरातली पोरगी, पण तिनं आपण होऊन बायबल हातात घेतलं होतं. लूकचं शुभवर्तमान संपवून योहानाच्या शुभवर्तमानाला लागली होती.

"दोन शब्द तं बोल वं पोरी," बाई म्हणायच्या. "देव काही मास्तर नाही, छडी मारायले."

"मम्मी, मेरे से नहीं होता ज़ोर से."

मग बाई स्वतःच करायच्या. प्रार्थनेला बसलं की त्यांची वऱ्हाडी बोली गळून पडायची आणि छापील मराठी सुरू व्हायची. "हे कृपाळू बापा, ज्या हातांना भाजीतलं मीठ कळत नाही त्या हातांना शहाणपण दे. जिला सकाळी लवकर उठवत नाही तिचा आळस दूर कर." सगळ्यांचे डोळे मिटलेले. बोलणं देवाशी चाललेलं. मध्येच उलट उत्तर कोण देणार? सासूपणाची ही सोय बाईंना फार आवडायची, फक्त तिला सोय म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

लवकर न उठणाऱ्या सुनेबद्दलचं ते मागणंही खोटंच होतं. दीड वर्षापासून अनुश्री पाचला उठत होती. बाईंचं अंथरूण पहाटे ओलं व्हायचं. पहिल्यांदा ते तिनंच पाहिलं. बाई पलंगाच्या कडेला बसून रडल्या होत्या.

"निरंजनले सांगू नको वं."

"नहीं बताऊँगी."

नवरा उठायच्या आत चादर मशीनमध्ये जायची आणि स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत, कुणाला दिसणार नाही अशी, वाळत पडायची. निरंजनला अजून पत्ता नव्हता.

ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू झाला त्या आठवड्यात अनुश्रीचं दुसऱ्यांदा पोट पडलं. तिसरा महिना होता. दवाखान्यातून आल्यावर ती सासूच्या पलंगावर येऊन बसली. "मम्मी, माँ को भी नहीं बताया है. किसी से मत कहना. आप बस प्रार्थना करना."

बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्या खरंच रडल्या.

पण शुक्रवारी चर्चच्या भगिनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनेचे विषय मागवले गेले. एकीनं मुलाच्या परीक्षेचा दिला, एकीनं गुडघ्याचा. बाईंनी माईकचं बटण दाबून धरलं. "बहिणींनो, माझ्या सुनेची कूस दुसऱ्यांदा रिकामी झाली आहे." इतकं बोलून त्या थांबल्या असत्या तरी पुष्कळ झालं असतं. पण बोलता बोलता रंग चढला. "प्रभू, तिचा एक पाय अजून माहेरच्या देवळात आहे. दोन दगडांवर उभी असलेली स्त्री फळ कसं धरील? तिला नमव, बापा." चार मिनिटं. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या ठेल्यापाशी मंडळाच्या रमामावशींनी अनुश्रीच्या पोटावर हात ठेवला. "पश्चात्ताप कर पोरी, देईल तो." पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला गेलेल्या दुसरीनं ते तिथल्या दुकानात सांगितलं, आणि तिथून ते पुरानी बस्तीत, अनुश्रीच्या माहेरी, पोचायला तीन दिवस लागले. आईचा फोन आला. "चाळीस बायकांना सांगितलंस, आणि मला नाही?" एवढंच बोलून तिनं ठेवला.

"आपने ग्रुप में डाला, मम्मी?"

"मंग? प्रार्थनाच तं केली. शिव्या थोड्याच देल्या तुले?"

"मैंने मना किया था."

"देवापासून काय लपवतं वं माणूस?"

"हव," अनुश्री म्हणाली, आणि आत गेली.

मग ती आठवडाभर कानात वायर घालून पोळ्या लाटत होती. बाईंना वाटलं, गाणी ऐकत असेल. ती ग्रुपवरची सासूचीच प्रार्थना ऐकत होती. पुन्हा पुन्हा.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातली मंडळाची सभा साळव्यांकडे होती. चौदा बायका आल्या. चहा झाला, चिवडा झाला. बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "अनु, आज तरी दोन शब्द."

"करते, आई," अनुश्री म्हणाली. मराठीत. सगळ्यांनी डोळे मिटले. बाईंचा ऊर भरून आला.

"हे कृपाळू बापा, आज मी पहिल्यांदाच तुझ्यापुढे तोंड उघडते आहे. माझ्या सासूबाईंसाठी मागते. दीड वर्ष झालं, रोज पहाटे त्यांचं अंथरूण ओलं होतं. लहान लेकरासारखं. त्यांना लाज वाटते, प्रभू. गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनातून त्या मध्येच उठल्या, ते त्या म्हणाल्या तसं गुडघ्यामुळे नव्हे, हे तुला ठाऊक आहे. त्या चादरी धुताना मला किळस येते, मला क्षमा कर. त्यांच्या मुलाला हे माहीत नाही. पण तुझ्यापासून कोणी काय लपवणार? त्यांचा गर्व नमव, बापा. ख्रिस्ताच्या नावाने मागते म्हणून ऐक."

प्रार्थनेनंतर आमेन म्हणावंच लागतं. "आमेन," चौदा बायका म्हणाल्या. बाईंचेही ओठ हलले.

डोळे उघडले तेव्हा दिवाणावर बाईंशेजारी बसलेली बाई आपली साडी आवरून जरा सरकली होती. रमामावशी रुमालानं डोळे पुसत म्हणाल्या, "काय सुंदर प्रार्थना शिकवली हो सुनेला, विनूताई! मी ग्रुपवर विषय टाकते, सगळ्याच करतील."

बायका गेल्यावर बाई सुनेपाशी आल्या. "काहून केलं वं असं?"

"प्रार्थना ही तो की, मम्मी." ती कपबशा गोळा करत होती.

सकाळी चादर धुतलेली होती, चिमटे लावून नीट वाळत घातलेली. पुढच्या बाल्कनीत. तलावाच्या बाजूला, जिथून सगळी सोसायटी सकाळचं चालते. निरंजन चहाचा कप हातात घेऊन त्या चादरीकडे बघत उभा होता. आईकडे मात्र त्याला बघता आलं नाही.

संध्याकाळी सात वाजता टीव्ही बंद झाला. निरंजननं त्या दिवशी मोबाइल पालथा ठेवला होता. बाईंनी पदर डोक्यावर घेतला, पण डोळे मिटले नाहीत.

"आई," अनुश्री म्हणाली, "आज मी करू?"

तीन वर्षं हेच ऐकायला त्यांचे कान आसुसले होते.

"नको," बाई म्हणाल्या. "नको वं पोरी. हात जोडतो तुले."

पण अनुश्रीनं डोळे मिटले होते.

"हे कृपाळू बापा," तिनं सुरुवात केली.