शेवटचा अंगठा

लिफ्टवाल्यांच्या संघटनेचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. हसा खुशाल. आम्हीही इतकी वर्षं हसत आलो. गुडघे गेलेला एखादा म्हातारा मेकॅनिक धापा टाकत वर पोचला की ताई त्याला आधी खुर्ची द्यायची, मग पाणी, आणि मग म्हणायची, "बसवा की एखादी लिफ्ट इथं, धंदा तुमचाच आहे." त्याचा श्वास जागेवर आला की मगच काम विचारायची.

संघटना म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. चारेकशे सभासद, बहुतेक माझ्यासारखे. दोन माणसं, एक हत्यारांची पेटी, आज या इमारतीत तर उद्या त्या. ऑफिसात पगारी माणसं तीनच: सचिव, हिशेबनीस आणि ताई. एकच खोली, तीन टेबलं, मधे फायलींचं कपाट आणि खिडकीत एक कुंडी, जिला तिघंही न विचारता पाणी घालायची, त्यामुळे तिच्यातलं झाड कायम कुजलेलं.

ताईचं काम सभासदांना कळवायचं. नवा नियम आला, परीक्षेची तारीख बदलली, एखादा सुटा भाग खराब निघाला, की ताईचं पत्रक यायचं. आधी पोस्टाने यायचं, मग फोनवर यायला लागलं. आमची खोड तिला बरोबर ठाऊक होती. मेकॅनिक पहिली ओळ वाचतो, तीही हात पुसता पुसता. म्हणून महत्त्वाचं ती पहिल्या ओळीत ठोकून द्यायची आणि खाली गप्पा लिहायची: कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाला जुनी मोटर विकायची आहे, कुणाचा पाना कुणाकडे अडकलाय. माझी बायको लिफ्टमधे बसायला घाबरते, पण ताईचं पत्रक ती माझ्याआधी वाचायची.

तिचा भाऊ माझा भागीदार. सगळे त्याला धाकटा म्हणत. आईवडील लवकर गेले, ताईनेच त्याला वाढवलं, शिकवलं, माझ्या हाताखाली घातलं. त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, पण ते ती कुणाला बोलू द्यायची नाही. धाकट्याला दोन पोरं झाली तरी ताई त्याला कान धरून बोलायची आणि तो बापडा मान खाली घालून "हो गं, हो गं" करायचा. ऐकायचा मात्र काही नाही.

एकदा एका मोठ्या कामाची खबर पत्रकात आली आणि ते काम नेमकं आम्हाला मिळालं. झालं. एका सभासदाने भर सभेत ताईला ऐकवलं, "भावाच्या कानात आधी सांगत असाल, बाई." ते ताईच्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून तिने नियमच केला. जे सगळ्यांना कळेल ते आणि तेव्हाच धाकट्याला कळेल. घरी संघटनेचा शब्द काढायचा नाही. मी म्हटलं, "ताई, लोक काय, बोलतातच." ती म्हणाली, "बोलायला जागा मी ठेवणार नाही."

आता त्या शिबिराबद्दल सांगतो, आणि माझा आवाज चढला तर चढू द्या. ताईने एकदा कुणाला न विचारता प्रशिक्षणाची जागा बदलल्याचं कळवलं होतं, आणि जागा बदललीच नव्हती. पन्नास माणसं भलत्याच दारात उभी राहिली. सचिव आणि ताईची त्यावरून अशी जुंपली की खालच्या दुकानदाराने वर येऊन विचारलं, कुणी गेलं का. मग अध्यक्षांनी एक शिबिरवाला आणला. संवाद सुधारायचा, टीम जोडायची म्हणे. तीन माणसांची टीम, तीही एका खोलीत कोंबलेली, जोडायची म्हणजे आणखी किती जोडायची? त्याने भिंतीवर रंगीत कागद चिकटवले, तिघांना एकमेकांचे गुण सांगायला लावले आणि नियम घालून दिले. कामाबद्दल तोंडी बोलायचं नाही, फोनवरच्या ग्रुपमधे टाकायचं, म्हणजे सूर चढत नाही. पत्रकाची सुरुवात नेहमी हसतमुख करायची. तिघांनी पाहून अंगठा दाखवल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही, आणि ज्याचा अंगठा शेवटचा त्याने पाठवण्याचं बटण दाबायचं.

भांडणं थांबली, हे मान्य करतो. इतकी थांबली की मी एकदा गेलो तर तिघं तीन टेबलांवर मान खाली घालून बसलेली, आणि हिशेबनीस पंखा बंद करू का हे ग्रुपवर विचारत होता. ताई हात लांबवला तर त्याचा शर्ट ओढेल इतक्या अंतरावर. मी हसलो. ताईने तोंडावर बोट ठेवलं आणि जिन्यात येऊन म्हणाली, "नको रे. शांतता आहे ती राहू दे. या वयात भांडायची ताकद नाही माझ्यात."

पत्रकं आता "नमस्कार मित्रांनो, आठवड्याची सुरुवात उत्साहाने करू या" अशी यायला लागली. गप्पा गेल्या. माझ्या बायकोने वाचणं सोडलं. धाकट्याने तर उघडणंच सोडलं, आणि ताईने विचारलं की न चुकता सांगायचा, "वाचलं गं."

मग ती निळी स्प्रिंग आली. ब्रेकला बसवायची, बाजारात नवीन, जुनीपेक्षा मिळायला सोपी. आम्हीही दोनचार ठिकाणी बसवली होती. एका सभासदाचा ताईला फोन आला की ती तुटतेय. थोड्या वेळाने दुसऱ्याचा आला. ताईने आणखी तिघांना स्वतःहून फोन लावून खात्री केली, आणि शिबिरवाल्याचा हसतमुख नमस्कार काढून टाकून पहिली ओळ लिहिली: "ब्रेकला निळी स्प्रिंग असेल तर लिफ्टच्या डोक्यावर चढू नका." खाली गप्पा नाहीत, काही नाही. ग्रुपवर टाकलं.

हिशेबनीसाचा अंगठा आला. सचिवाचाही आला. ताईला वाटलं, लिहिलं मी म्हणजे माझा अंगठा त्यात आलाच, शेवटचा सचिवाचा, तो पाठवेल. सचिवाला वाटलं, दोनच अंगठे झालेत, ताईचा राहिलाय, तो दिला की ती पाठवेल. लिहिणाऱ्याचा अंगठा धरायचा की नाही, हे शिबिरात कुणी विचारलंच नव्हतं. त्याआधीची पत्रकं कधी हा पाठवायचा, कधी ती, निभून जात होतं. तिघं संध्याकाळपर्यंत त्याच खोलीत बसली. कुणी मान वर करून "गेलं का हो ते?" एवढं विचारलं नाही. कामाचं तोंडी बोलायचं नाही ना. कुलूप लावलं आणि "येतो हं", "सांभाळून जा" म्हणत तिघं जिना उतरली.

त्या संध्याकाळी धाकटा ताईकडे जेवायला होता. वहिनी, म्हणजे त्याची बायको, आणि पोरंही होती. ताईने नियम मोडला नाही. पत्रक सगळ्यांना गेलंय असं धरून तिने फक्त विचारलं, "आजचं पत्रक वाचलंस ना?" धाकटा पोराच्या ताटातला घास उचलत म्हणाला, "वाचलं गं." ताईच्या जिवाला बरं वाटलं. तिने त्याला आणखी वाढलं.

सकाळी एका सात मजली इमारतीत दार नीट लागत नाही अशी तक्रार होती. जाताना धाकटा म्हणाला, "अरे, ताई काल पत्रकाचं विचारत होती. बघ बरं काही आलंय का." मी फोन पाहिला. सोमवारचं होतं, आठवड्याची सुरुवात उत्साहाने. "तेच असेल," तो म्हणाला, आणि हत्यारं घेऊन लिफ्टच्या डोक्यावर चढला. मी खाली दाराशी उभा, कुणी आत शिरू नये म्हणून. त्या ब्रेकची निळी स्प्रिंग आम्हीच बसवली होती.

लोकांना वाटतं लिफ्ट खाली कोसळते. खाली कोसळणारीला पकडायला जबडे असतात. रिकामी गाडी दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणाऱ्या वजनाहून हलकी असते, ब्रेक सुटला की ती वर पळते, आणि वर पळणारीला धरायला त्या जुन्या लिफ्टमधे काहीही नाही. डोक्यावर बसलेला माणूस आणि छत यांच्यामधे वीतभर जागा उरते. मी धावलो, सात मजले धावलो. पुढचं सांगत नाही.

हॉस्पिटलात ताई आली ती संतापून. रडली नाही. माझी कॉलर धरली. "पत्रक वाचून चढला कसा तो? आणि तू? तू का चढू दिलंस?"

"कुठलं पत्रक, ताई?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिने वर खाली करून पाहिलं, परत पाहिलं. मग स्वतःचा काढून ग्रुप उघडला. दोन अंगठे होते. ती बाकावर बसली आणि समोर वहिनी उभी होती, तिच्याकडे ताईला बघवेना. वहिनीने सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून वहिनीने ताईशी बोलणं टाकलं.

संघटनेने काय केलं म्हणता? शिबिरवाल्याला परत बोलावलं. दोष कुणाचा नाही, व्यवस्थेचा आहे, असं ठरलं, आणि व्यवस्था सुधारली. आता चार अंगठे. चौथा अध्यक्षांचा.

हे कानावर आलं तेव्हा माझं टाळकं फिरलं. तीन मजले चढलो ते सचिवाला फाडून खायचं ठरवूनच. दार ढकललं. सचिव फोनच्या पडद्याकडे बघत होता, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. हिशेबनीस हात मांडीत घेऊन बसला होता. फाडून खाण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. आणि ताई फोनवर बोलत होती, मोठ्याने, त्या खोलीत.

"ब्रेकला निळी स्प्रिंग असेल तर लिफ्टच्या डोक्यावर चढू नका. हो, आजच बघा. ठेवते."

लगेच पुढचा नंबर लावला.

"ताई, पत्रकाचं काय झालं?" मी विचारलं.

"अध्यक्ष प्रवासात आहेत," ती म्हणाली. "तीन झालेत." आणि फोनवर, "हां, मी ऑफिसातून बोलतेय. ब्रेकला निळी स्प्रिंग असेल तर..."

सचिव हळूच म्हणाला, "ताई, ग्रुपवर एकदा आठवण टाकूया का?" तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हिशेबनीस उठला, तिच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि परत जाऊन बसला. मला राग काढायचा होता, पण कुणावर काढू? खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.

ती यादीवर बोट ठेवून खाली खाली येत होती. नाव बघतच नव्हती, नुसते आकडे. गळा बसला होता तरी ओळ तीच, शब्दही इकडचा तिकडे नाही. मी बोटाकडे बघत होतो आणि बोट कुठे आलंय ते मला उशिरा कळलं. तोवर तिकडे फोन उचलला गेला होता.

"ब्रेकला निळी स्प्रिंग असेल तर लिफ्टच्या डोक्यावर चढू नका," ताई म्हणाली.

धाकट्याचा फोन आता वहिनीकडे असतो. खोली इतकी गप्प होती की तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"आता सांगताय, ताई?"

ताईचं बोट यादीवर तसंच राहिलं.

"हो गं," ती म्हणाली. "आता सांगतेय."

तिकडून फोन ठेवला. सचिवाने तोंड हातात घेतलं. ताईने ग्लासातलं घोटभर पाणी घेतलं, बोट एक ओळ खाली सरकवलं आणि पुढचा नंबर लावला.